चौदा क्रमांकाचा शर्ट

...नव्हे, नव्हे, काळे जाकीट घातलेला नव्हे — त्याच्या पलीकडे गुडघा टेकून त्या लहान मुलीच्या हेल्मेटचा पट्टा आवळतो आहे ना, तो. डॅनी मर्सर. आपण त्याला येथला प्रशिक्षक म्हणून ओळखता. मी त्याला चौदा क्रमांक म्हणून ओळखतो. बसा ना. आपल्या मुलीचा वर्ग सुटायला अजून वीस मिनिटे आहेत, आणि मघाशी फोनवर आपण शुद्ध — बरे, जवळजवळ शुद्ध — मराठी बोलत होता, म्हणून धीर केला. ‘मीटिंग कॅन्सल केली’ म्हणालात. ‘रद्द’ हा शब्द अजून जिवंत आहे हो. राग मानू नका. मी छापल्यासारखा बोलतो असे माझी सून शैलजाही म्हणते. सातवीत शाळा सुटली, पुढचे सारे वाचनालयात शिकलो. ज्याला कोणी शिकवले नाही त्याला चुकण्याची फार भीती असते. नागपूरचे का आपण? वाटलेच.

रेड विंग्ज, येथला हॉकीचा संघ? छे. ते संजीव पाहतो, माझा मुलगा — सोफ्यावर बसून ओरडतो. माझा संघ एकच: हॅल्डन रेव्हन्स. हसलात? हसा. इंग्लंडात बर्फावरची हॉकी खेळतात हेच येथे, या नोव्हाय गावात, कोणाला खरे वाटत नाही. तिकडच्या लोकांनाही वाटत नसे म्हणा. हॅल्डनमध्ये मी एकतीस वर्षे साखळ्यांच्या कारखान्यात होतो. सायकलच्या साखळ्या. एकदा कारखान्याने फुकट तिकिटे वाटली, म्हणून मी आणि रत्ना गेलो — रत्ना म्हणजे माझी पत्नी — आणि मग कोणताही शनिवार चुकला नाही. पातळावर माझा जुना ओव्हरकोट, पायांत दोन-दोन मोजे, आणि डब्यात दडपे पोहे. खेळाचे नियम मी ग्रंथालयातून पुस्तक आणून पाठ केले. तिला ते नुसते पाहून माझ्याआधी कळले. हे मी तिला कधी सांगितले नाही. आपल्याला का सांगतो आहे कोण जाणे.

आणि खेळाडू कसे, तर आमचा कर्णधार ट्रेव्हर दिवसा नळदुरुस्ती करी. शुक्रवारी आमच्या मोरीचा नळ बसवून, चहा पिऊन गेला. शनिवारी दुसऱ्या मिनिटाला मारामारी केली म्हणून बाहेर! रत्ना म्हणाली, “नळ मात्र गळत नाही हो त्याचा.” गोलरक्षक भूगोलाचा मास्तर. सामन्यापूर्वी गोलच्या दोन्ही खांबांना काठीने तीनतीनदा स्पर्श करी, ती म्हणे, “पाहा, उंबऱ्याला हात लावतोय.” मी या सर्वांची टिपणे ठेवली आहेत — चार वह्या, शाईने, मराठीत. कोण कसा वळतो, कोण कोणाला चेंडू — चेंडू नव्हे, ती रबराची चकती — देत नाही. संघात तिघे मात्र परदेशी असत, बहुधा कॅनडाचे. सप्टेंबरात यायचे, एप्रिलमध्ये जायचे. परवाना एका हंगामापुरता. आपल्यासारखाच, नाही का? आपला अजून आहे ना परवाना — बरे, बरे, विचारत नाही.

क्लबपाशी त्यांना ठेवायला जागा नसे, तेव्हा प्रेक्षकांच्याच घरी राहायचे. शहाऐंशी साली आमच्याकडे हा आला. विंडसरचा — येथून नदी ओलांडली की कॅनडातले ते त्याचे गाव. चोवीस वर्षांचा, आणि बुजरा इतका की दुसरी पोळी हवी असली तर नुसता ताटाकडे पाहत बसे. रत्नाला इंग्रजी बेताचे, त्याला मराठी शून्य. तरी स्वयंपाकघरात दोघे तास-तास बोलत. वरणाला तो ‘यलो सूप’ म्हणे. सामन्याच्या दिवशी दुपारी हे खेळाडू झोपतात, तर ती माझा रेडिओ बंद करून टाकी. बातम्यासुद्धा! मी चिडत असे. मी चिडका माणूस आहे.

आता ही पिशवी. आपण मघापासून पाहताच आहात. हिच्यात शर्ट आहे, चौदा क्रमांकाचा. तर तेथे अशी रीत होती — प्रत्येक खेळाडूच्या शर्टाला कोणीतरी पुरस्कर्ता असे, आणि शेवटचा सामना संपला की खेळाडू बर्फावरच तो शर्ट अंगातून काढून, त्यावर चार शब्द लिहून, पुरस्कर्त्याच्या हातात देई. घामाने भिजलेला, मळलेला, जसा असेल तसा. तसाच तो काचेच्या चौकटीत घालून लोक भिंतीवर टांगत. चौदा क्रमांकाचे पुरस्कर्ते आम्ही. त्या रात्री डॅनीची हनुवटी फुटली होती. गळ्यापाशी रक्त, आणि छातीवर त्याने लिहिले होते — काय लिहिले होते ते मी वाचलेच नाही. चष्म्यावर वाफ धरली होती. म्हटले, घरी जाऊन निवांत वाचू.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी ट्रेव्हरला आणि आणखी दोघांना तो पाहायला घरी बोलावले. आणि सकाळी रत्नाने तो धुतला.

हो. गरम पाण्यात भिजवून, ब्लीच घालून, गळ्याला ब्रश मारून. पाहुण्याचा कपडा, रक्ताने माखलेला, तो काय तसाच ठेवायचा? ती तशीच वाढली होती. मागच्या अंगणात दोरीवर वाळत होता, पांढराशुभ्र, लिहिलेले एक अक्षर उरले नव्हते. मी ओरडलो. सर्वांसमोर, मराठीत ओरडलो. “अडाणी ती अडाणीच राहिलीस,” असे म्हणालो. मी, सातवी पास! ट्रेव्हर चहाच्या कपात पाहू लागला. डॅनीने तिला विचारले, ते काय म्हणाले? आणि ती, हात पदराला पुसत, हसून त्याला म्हणाली — “ही सेज, व्हेरी क्लीन.”

मी चार दिवस तिच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी डॅनी गेला. पुढे आमचे बोलणे सुरू झाले, नेहमीचे, भाजी कोणती, संजीवचे पत्र आले का. तो शब्द मात्र मी परत घेतला नाही. पंधरा वर्षे वेळ होता. मग दोन हजार दोन साली — तीन आठवड्यांत आटोपले सगळे. संजीव मला इकडे घेऊन आला.

ऑक्टोबरात मी नातीला, देवयानीला, येथे सोडायला आलो. तिने नाताळातच हे सोडले, हल्ली तबला शिकते. मी येतो, घरी कोणी विचारत नाही. तर तेव्हा हा बर्फावरून ओरडला, “मिस्टर पी!” — प्रल्हाद त्याला म्हणता येत नसे — आणि जवळ आला, आणि पहिला प्रश्न काय? रत्ना कशी आहे, अजून यलो सूप करते का?

करते का! अहो, ती गेली हे हॅल्डनमध्ये सर्वांना ठाऊक, गावी संगमनेरला सर्वांना ठाऊक, आणि येथल्यांनी तिला पाहिलेलेच नाही. जगात हा एकच माणूस, ज्याच्या लेखी ती अजून कोठेतरी फोडणी देते आहे. मी म्हणालो, हो. ती आली का नाही? म्हटले, गुडघे दुखतात. पुढच्या शनिवारी त्याने तिच्यासाठी गुडघ्याचे पट्टे आणले. नाताळात चॉकलेटे. सारे माझ्या कपाटात आहे, न फोडता. आता मी ते परत कसे करू?

आणि आज त्याचा येथला शेवटचा दिवस. उद्या कॅनडात, अल्बर्टाला निघाला, तेथे नोकरी मिळाली. मी वाक्य तयार केले आहे, इंग्रजीत, व्याकरण तपासून: प्रथम ती गेली हे सांगायचे, मग त्या रविवारी मी खरे काय बोललो होतो ते सांगायचे, आणि मग विचारायचे — तू त्यावर काय लिहिले होतेस? तेच पुन्हा लिही. तिच्या फोटोखाली ठेवीन. तीनच वाक्ये. पाच महिने घोकतो आहे. आपण — आपण सांगाल का त्याला? आपले इंग्रजी चांगले आहे. निदान पहिले वाक्य. मी येथेच उभा राहीन. नको का? खरे आहे, आपली-माझी ओळख ती काय.

थांबा. शिट्टी झाली. तो येतो आहे. हातात काहीतरी आहे त्याच्या — रोपटे आहे हो कुंडीत. तिच्यासाठी असणार. तिला तुळस बर्फात जगवता येत नसे, ते त्याच्या लक्षात आहे. पिशवी — पिशवी जरा आपल्या मागे सरकवा. मागे, म्हणतो ना! 

“हॅलो, डॅनी... येस... येस, येस. शी इज फाइन. शी इज व्हेरी फाइन. ओन्ली द नीज.”

आपण अजून येथेच? जा, आपली मुलगी बर्फावरून आली. बुटांच्या नाड्या सोडा तिच्या, पाय आखडले असतील.