मंगळवारचं विसरणं

(काकूंचं स्वयंपाकघर. टेबलावर काकूंचा फोन. शेजारी बोलणं रेकॉर्ड करणारं छोटं यंत्र.)

पाहणीवाली: ...चुकायची भीती नको, काकू. परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही. बघताना मनात येईल ते फक्त मोठ्यानं बोला.

काकू: ते जमेल. एकटी राहते, मोठ्यानंच बोलते मी. काल फ्रिजला दटावलं.

पाहणीवाली: मग सोपंच आहे. ही ॲपची नवी स्क्रीन, चाचणीसाठी आधी तुमच्यासारख्या काहींनाच दिलेली. काय दिसतंय?

काकू: हिरवा गोल. खाली 'आज सगळं ठीक'. रोज असंच. मी तर आज अजून काहीच सांगितलं नाही त्याला.

पाहणीवाली: तोच तर बदल आहे. आधी रोज सकाळी दहाच्या आत तुम्हाला 'मी ठीक आहे' हे बटण दाबावं लागायचं. नाही दाबलं, तर आमच्या ऑफिसातून फोन यायचा. आता तुम्ही मोबाइल हातात घेतलात की ॲपला आपोआप समजतं.

काकू: छान. हुशार आहे.

पाहणीवाली: छान म्हणताना तुम्ही मोबाइल उलटा ठेवलात.

काकू: तुझी नजर भारी गं!

पाहणीवाली: तेवढंच शिकलेय. काकू, खरं सांगू? बदल तुमच्यासारख्यांसाठीच केला. वर्षभरात तुम्ही चव्वेचाळीस वेळा बटण दाबायला विसरलात. आम्हाला वाटलं, बटण लहान आहे, दिसत नसेल. म्हणून काढूनच टाकलं.

काकू: अगं बाई. एवढ्या वेळा?

पाहणीवाली: त्यातले एक्केचाळीस मंगळवार. आज बसमध्ये नोंदी चाळताना दिसलं. वार बघून कुणी विसरत नाही.

काकू: मी छत्तीस वर्षं नर्स होते. वॉर्डात लोक घंटा वाजवून पाणी मागायचे. पेला भरलेलाच असायचा. आम्ही तो ओतून परत भरायचो. का मागता, असं कधी विचारलं नाही.

पाहणीवाली: मंगळवारी फोन कोण करायचं?

काकू: एक बाई. नाव नाही ठाऊक. तिच्या लेकीचं गणित, माझा गुडघा, चार-पाच मिनिटं. बाकीच्या वारांचे लोक 'ठीक ना?' विचारून ठेवून द्यायचे. हे नवीन आलं त्याला सात आठवडे झाले. मागच्या मंगळवारी मी मोबाइलला हातच लावला नाही.

पाहणीवाली: मग?

काकू: आला ना फोन. यंत्राचा. 'ठीक असाल तर एक दाबा.'

पाहणीवाली: आणि तुम्ही?

काकू: दाबला एक. काय करणार?

पाहणीवाली: हे मी अहवालात लिहू का?

काकू: नको. म्हणतील, म्हातारी उगाच घंटा बडवते.

पाहणीवाली: म्हणतीलही. पण नाही लिहिलं, तर पुढच्या महिन्यात हेच सगळ्यांना जाणार. मग फोन करणारी माणसंच लागणार नाहीत.

काकू: म्हणजे तिचीही नोकरी जाणार?

पाहणीवाली: बहुतेक.

काकू: मग लिही. मंगळवारसकट लिही.

पाहणीवाली: नाव घालू तुमचं?

काकू: घाल की. या वयात कसली लाज? फक्त माझ्या मुलाला यातलं कळू देऊ नकोस. फार हौसेनं हे ॲप बसवून दिलंय गं त्यानं.