सुर्वेकाकू आणि घामाचं मीठ

आमच्या बदलापूरच्या बिल्डिंगमधल्या सुर्वेकाकूंचं सांगितलंय का तुम्हाला? मी अंबरनाथच्या कारखान्यात काचेचे पिठासारखे बारीक मणी बनवतो. ते पुढे अणुभट्टीत किरणोत्सर्गी करतात आणि मोठमोठ्या पाइपांत कुठे काय तुंबलंय, ते शोधायला सोडतात. हे कळल्यापासून काकूंनी आमच्याकडची खिरीची वाटी घेणंच सोडलं.

शेवटी वैतागून मी त्यांच्या दारात गेलो. "काकू, माझ्या हातात असते ती साधी काच!"

"मग हातमोजे कशाला घालतोस रे?"

"माझा घाम काचेला लागू नये म्हणून. घामातलं मीठसुद्धा अणुभट्टीत किरणोत्सर्गी होतं."

तेवढ्यात काका घामाघूम होऊन जिना चढून आले.

काकूंनी जाळीचं दार लावून घेतलं. "तिथेच थांबा! आधी याच्याकडे आंघोळ करून या."