कोवळ्या गाजरांचा हिशेब

आजच्या सभेच्या अध्यक्षा, म्हणजे आपल्या सगळ्यांचे दात आणि बरीचशी गुपितं ज्यांच्या हातात आहेत त्या डॉक्टरीणबाई. त्यांच्या शेजारी बसलेले निवृत्त न्यायाधीशसाहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या वहिनी. पहिल्या रांगेत बसलेली त्यांची लेक. आणि मळ्याच्या तमाम वाटेकरी बंधुभगिनींनो,

सुरुवातीलाच एक छोटा हिशेब मांडतो. दचकू नका, वर्गणीचा नाही. एका गाजराचा आहे. तेही करंगळीएवढ्या.

त्या गाजराला चिमटीभर बी लागलं. गाजराचं बी इतकं बारीक की वाळूत मिसळून पेरावं लागतं, नाहीतर सगळं एकाच जागी पडतं. उगवल्यावर विरळणी आली. म्हणजे गुडघ्यावर बसायचं, आणि दोन बोटांनी चारातली तीन रोपं उपटून एक ठेवायचं. त्या गुडघ्यांचा खर्च धरा. मग खुरपणी, मग झारीनं पाणी. एवढं झाल्यावर ते जमिनीत आणखी महिनाभर राहिलं असतं तर त्याचं खरंखुरं गाजर झालं असतं. तो महिनाही खर्चात धरा, कारण तो जाणूनबुजून खर्च केला गेला. अशा गाजरांचा एक अख्खा वाफा एका सकाळी उपटला गेला आणि तुमच्या-माझ्या घरी पोचला. तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी विचारलं होतं, हे काय पाठवलंय? त्याचं उत्तर द्यायला मी उभा आहे. उत्तराला उशीर झाला हे मान्य.

माझी ओळख अध्यक्षांनी फार मोठी करून दिली. मी टेम्पोवाला आहे. ढकलगाडीपासून सुरुवात केली, आज तीन टेम्पो आहेत. बायको म्हणते, तिन्ही मिळून एक धड चालतो. गाड्यांचं काम मी शिकलो ते कानानं. इंजिन कुठे कण्हतंय ते बॉनेट न उघडता सांगतो. हा कानाचा तिखटपणा बायकोला आवडत नाही, पण धंद्याला फार उपयोगी पडला. आणि मळ्याची गोष्ट मला जी ठाऊक आहे ती डोळ्यांपेक्षा कानांनीच जास्त.

आज काही पाहुणे मंडळी आहेत, म्हणून दोन शब्दांत सांगतो. लाकडाच्या वखारीमागची ती जमीन वहिनी आणि त्यांचे यजमान, म्हणजे आपले भाऊ, यांनी कराराने घेतली होती. स्वतःची नव्हती. बाजारात भाजी विकायची नाही, असं त्यांनी ठरवलं. हंगामाच्या सुरुवातीला आपण सगळ्या घरांनी आपापला वाटा भरायचा, आणि आठवड्याला मळ्यात जे निघेल त्याची एक टोपली घ्यायची. भरपूर निघालं तर टोपली भरभरून, कीड पडली तर टोपली हलकी. नुकसान एकट्या मळेवाल्याचं नाही, सगळ्यांचं. पहिल्या बैठकीत न्यायाधीशसाहेबांनी विचारलं होतं, "आणि काहीच पिकलं नाही तर?" भाऊ म्हणाले, "तर रिकामी टोपली घेऊन जा साहेब. मीही रिकामीच घेईन." साहेब हसले आणि वाटा भरला. निकाल देताना त्यांनी एवढा कमी वेळ कधीच घेतला नसेल.

टोपल्या भरायची त्या घराची एक रीत होती. शेडमध्ये टोपल्या रांगेनं मांडायच्या. भाऊ एका टोकाला उभे राहून भाजीचं नाव पुकारायचे, वहिनी ती भाजी प्रत्येक टोपलीत घालत शेवटपर्यंत जायच्या आणि तिथून उत्तर द्यायच्या. "मुळा." "घातला." "पालक." "घातला." मग पुढची भाजी. वजनकाटा होता, पण तो फारसा कुणी वापरायचं नाही. दोन माणसांचं एकमेकांवर लक्ष असलं की काट्याचं काम उरत नाही, असं भाऊंचं म्हणणं. वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणायच्या, "ह्यांना हुकूम सोडायची हौस आहे, दुसरं काही नाही."

मग साथ आली.

त्या दिवसांबद्दल मी काय सांगू? आपण सगळे दार लावून बसलो होतो. दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या आणि ज्यांनी आयुष्यात मुळ्याचं रोप बघितलं नव्हतं असे लोक वखारीमागचा पत्ता विचारत आले. वाटेकरी दुपटीनं वाढले. आणि पूर्वी महिन्यातून एक सकाळ आपण मळ्यात काम करायला जायचो, तेवढं नेमकं बंद झालं. म्हणजे खाणारी तोंडं दुप्पट, आणि हात उरले फक्त घरचे. भाऊ, वहिनी आणि लेक. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं का? मी भाऊंना विचारलं होतं. ते म्हणाले, "फाटकाशी उभ्या माणसाला काय सांगू, तुझं पोट नंतर बघू?"

शेडच्या दाराला निळी ताडपत्री लागली. नियम असा की मी टेम्पो मागे घ्यायचा, बाहेर थांबायचं, आत डोकवायचं नाही. आत टोपल्या भरायच्या आणि लेक त्या ओट्यावर आणून ठेवून मागे सरायची. मग मी चढवायच्या. त्यामुळे त्या काळात मला भाऊ दिसलेच नाहीत. ऐकू मात्र यायचे.

एका आठवड्यात वहिनींचा सगळ्यांना निरोप आला. भाऊंना ताप आहे, ते रोपघरात वेगळे राहतात, भाजीला हात लावत नाहीत. ज्यांना टोपली नको असेल त्यांनी कळवावं, राग नाही. कुठून आला तो ताप, कुणाला कळलं नाही. मगाशी अध्यक्षा अभिमानानं म्हणाल्या की एकाही घरानं तेव्हा टोपली नाकारली नाही. खरं आहे, आणि कौतुकाचंच आहे. फळ्या अजून रिकाम्या होत्या, एवढंच जाता जाता सांगून ठेवतो.

रोपघर म्हणजे अंगणापलीकडचा तो प्लास्टिकचा मांडव. तिथे रोपांच्या ट्रेमध्ये भाऊंची खाट टाकली होती. मला वाटलं, आता पुकारा बंद होईल. कसला बंद होतोय. भाऊ खाटेवरून ओरडायचे आणि वहिनी शेडमधून ओरडून उत्तर द्यायच्या. भाऊंना टोपल्या दिसत नव्हत्या, पण काय पेरलंय आणि काय काढायला आलंय ते पाठ होतं. "कोबी." "घातला." "बीट." "घातलं." मी टेम्पोला टेकून ऐकायचो. एकदा मध्येच म्हणाले, "ओरडतेस कशाला, मला ताप आलाय, बहिरा नाही झालो." वहिनी म्हणाल्या, "मग तुम्ही कुजबुजा, मला येतंय ऐकू."

त्याच्या पुढच्या आठवड्यात भाऊंच्या हाका तुटायला लागल्या. एक नाव पुकारलं की थांबायचे. श्वास गोळा करायचे. इंजिनाचा तसा आवाज मी ओळखतो. माणसाचा ओळखायची इच्छा नव्हती.

"पालक." "घातला." "कोबी." "घातला." बराच वेळ गेला. मग आवाज आला, "गाजर."

आत नळ चालू होता, तो बंद झाला. गाजराचा वाफा मी येताना बघितला होता. पाला जेमतेम वीतभर. गाजर यायला महिना होता, आणि भाऊंइतकं ते कुणाला ठाऊक नव्हतं. भाऊ कुठला तरी दुसराच हंगाम बघत होते.

"गाजर. ऐकलंस का?"

"घातलं," वहिनी म्हणाल्या.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"कडेची टोपली विसरतेस तू."

"नाही विसरले. पडा आता जरा."

त्यानंतर पुकारा झाला नाही. लेक टोपल्या ओट्यावर ठेवायला आली तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी प्रत्येक टोपलीत बघितलं. गाजर नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी भाऊंना दवाखान्यात नेलं. गाडीत सोबत कुणाला बसू दिलं नाही, आत कुणाला सोडलं नाही. दिवसातून एकदा फोन यायचा, तो लेक घ्यायची. पुढच्या वाटपाच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा फोन आला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी नेहमीसारखा सकाळी टेम्पो मागे लावला. आतून काही ऐकू येईना. फक्त टोपल्या सरकवल्याचा आवाज, आणि पावलांचा. टोपल्या बाहेर आल्या तर प्रत्येकीत कोवळ्या गाजरांची एक जुडी. करंगळीएवढी, पाल्यासकट, स्वच्छ धुतलेली. कडेच्या टोपलीतही.

मी ताडपत्रीपाशी जाऊन विचारलं, "वहिनी, गाजरं का उपटली? महिनाभर थांबायची होती ना?"

पलीकडून आवाज आला, "घातलं म्हणाले होते मी."

"पण भाऊंना कुठे दिसत होतं?"

"दिसत नव्हतं म्हणून तर विचारत होते." मग म्हणाल्या, "घरातल्या दहा गोष्टींत खोटं बोलले असेन त्यांच्याशी. टोपलीबद्दल नाही बोलले कधी."

त्या 'विचारत होते' म्हणाल्या, 'विचारतात' नाही, तेव्हा मला कळलं की भाऊ गेले. मी म्हटलं, "सगळ्यांना कळवू?"

"आधी वाटून या," त्या म्हणाल्या. "पाला सुकेल."

मी निघालो. तुम्हाला आठवत असेल, तुमच्या फोनवरच्या गटात त्या दिवशी काय चाललं होतं. कुणी लिहिलं, ही गाजरं की गाजरांची पोरं? कुणी विचारलं, मळ्याला इतकी कसली घाई? साहेबांनी लिहिलं होतं, पुढच्या वेळी सोबत भिंगही पाठवा. साहेब, रागावू नका, त्या दिवसांत आपल्याला हसायला फार थोडं उरलं होतं, आणि तुमचं ते वाक्य चांगलंच होतं. एरवी मीही हसलो असतो. टेम्पोत फोन टुणटुणत होता आणि मी घराघरापुढे टोपली ठेवून पुढे जात होतो. शेवटची टोपली डॉक्टरीणबाईंची. त्यांना दारातूनच सांगितलं. त्यांनी तिथेच उभं राहून गटावर दोन ओळी लिहिल्या. फोन एकदम गप्प झाला. त्यानंतर तो हंगाम संपेपर्यंत एकाही टोपलीची तक्रार आली नाही. पोकळ मुळ्यांचीसुद्धा.

मळा मात्र थांबला नाही. पुढच्या हंगामात मी ताडपत्रीबाहेर उभा होतो आणि आतून वहिनींचा आवाज आला, "मुळा." चालत गेल्याची पावलं. मग तोच आवाज, दुसऱ्या टोकाहून, "घातला." लेकीला त्यांनी पुकारू दिलं नाही. तिला दूरच्या शहरात नोकरी लागली तेव्हा स्वतःच ढकलून पाठवलं. मला म्हणाल्या होत्या, "ह्यांनी नाव पुकारून ठेवलेला मळा आहे. माझ्या हातानं बंद नाही पडू देणार." त्यांना दुसरं काही नकोच होतं.

मग दुकानं उघडली. फळ्या भरल्या. मगाशी न्यायाधीशसाहेब म्हणाले की त्या काळानं आपल्याला या मातीशी जोडलं ते कायमचं, आणि या सभागृहातल्या घरांमध्ये आजही बाजारची भाजी शिरत नाही. जोरदार टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण माझं काम टेम्पोचं आहे. टोपल्यांनी गच्च भरलेला टेम्पो आवाज करत नाही. पहिल्या वर्षी वळणावर किंचित खडखड सुरू झाली. दुसऱ्या वर्षी रस्ताभर. कुणाला टोपलीत काय येणार ते आधी कळत नव्हतं, कुणाची मुलं बीट खात नव्हती, कुणी घर बदललं. सगळी कारणं खरी आहेत. मी दोष द्यायला उभा नाही; ज्याला जेवायचं, त्याला जिभेची निवड असतेच.

यंदा हंगामाच्या बैठकीला वहिनींनी शेडमध्ये नेहमीइतक्याच खुर्च्या मांडल्या होत्या. वाट बघून झाल्यावर त्या उठल्या आणि रिकाम्या खुर्च्या स्वतःच मिटून भिंतीला लावल्या. उरलेल्यांकडे बघून म्हणाल्या, "एवढ्यांत नाही चालायचा." भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. करार संपला, जमीन वखारवाल्यानं घेतली. गाजराच्या वाफ्यावर आज ओंडके रचलेत. उद्या वहिनी लेकीकडे राहायला जातात. त्या शहरात त्यांना अंगण नाही, गच्ची आहे म्हणे. मी विचारलं, तिथे काही लावाल का? म्हणाल्या, "कुणासाठी?"

वहिनींनी मला बजावलं होतं, "माझ्याबद्दल चांगलं बोलणार असाल तर लवकर आवरा." आवरतो. वहिनी, तुमच्या टोपलीवर आमची घरं जगली, आणि तुम्ही आम्हाला कधी जाणवू दिलं नाही की त्या टोपलीत काय काय घातलंय. आभार हा शब्द इथे फार छोटा आहे, पण माझ्याकडे तोच आहे. अध्यक्षांनी बोलायची संधी दिली, साहेबांनी चेष्टा सोसली, आपण सगळ्यांनी एका टेम्पोवाल्याचं एवढं लांबण शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात कुठे जास्तउणं झालं असेल, कुणाला लागलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

आणि एक सूचना द्यायचं काम माझ्याकडे सोपवलं आहे. मागच्या दालनात जेवण मांडलंय, सगळ्यांनी जेवूनच जावं. भाजी चौकातल्या मोठ्या दुकानातून आणली आहे.