इंदुताईच्या कमरेचं मशीन

वडशाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बाकावर दोन बाया बोलत होत्या.

"इंदुताई, कमरेले हे काय बांधलं वो?"

"मशीन हाय, रंभा. आपली डॉक्टरीणबाई नवीन बनवून राह्यली. ओटीपोट दुखलं का बटन फिरवाचं. झिनझिन्या येते अन् दुखनं दबते."

"भाऊजी काय म्हनते?"

"इतके वर्सं म्हने, सोंग करते. काल बाईनं त्याच्याच पोटाले पट्टा लावला अन् बटन फिरवलं."

"मंग?"

"बाकावरून उडालाच! डोळ्यात पानी. मले म्हने, 'काऊन वो, तुले रोज इतकं दुखते?'"

"तू काय म्हनली?"

"म्हटलं, दुखनं अजून कुठी? हा तं इलाज हाय."