जावयाने दिलेला रंग

पंक्चर निघेपर्यंत बाकावर बसलेल्या बाईंना शेजारच्या जुन्या मोटरसायकलची कटकट ऐकणं भागच होतं. मेकॅनिक वैतागला होता.

"काका, बॅटरी बदलली, सेल्फची मोटरही बदलली. तरी नुसतं टकटक. हे सुरू कधी झालं?"

"रंग दिल्यापासून. गुडघ्यामुळे किक मारवत नाही, म्हणून घरात अडकलोय."

"अर्थिंगची वायर रंगावरच आवळलीय. करंट जाणार कुठून? कुणी रंगवली?"

"जावयांनी. हौसेने."

"मग आधी बोलायचं ना."

"त्यांचं नाव कसं घेणार? तेवढाच रंग खरवडा, बोल्टखाली झाकला जाईल असा."

मेकॅनिकने खरवडून बटण दाबलं. गाडी सुरू झाली.

"आता जावयांना काय सांगणार?" मेकॅनिकने विचारलं.

"मेकॅनिकनेच घोळ घातला होता, असं."