मामाच्या तोंडावरचं धुकं

अरे, मी नवा कॅमेरा घेतलता तवाची गोष्ट. 'डेप्थ ऑफ फील्ड' तेवढं शिकलो होतो: समोरचं साफ, मागचं धुंधलं. बहिणीच्या लग्नात वारासिवनीले तेच लावलं. मंगलाष्टकाच्या वक्ताले तिच्या मागं आमचे मामा उभे, नवा फेटा बांधून. फोटो पाहून मामा भडकले, "माह्या तोंडावर हे धुकं काहून?"

"मामाजी, याले डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात."

"हौ का?"

आता माह्यासाठी पोरगी मामाच पाहून राह्यलते. एक दिवस लांजीहून त्याइनं पोरीचा फोटो पाठवला. समोर मामा, फेट्यासकट एकदम साफ. मागं पोरगी, नुसती धुंधली.

मी फोन लावला, "मामाजी, पोरगी दिसूनच नाही राह्यली!"

"दिसन कशी? याले डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात."