गॅसऐवजी कॉइल

घरी बियर बनवणाऱ्यांचं दुकान, आणि त्यात ही लांब रांग! बाबांसाठी यीस्ट घेऊन मी उभी. पुढे स्टीलचं भलंमोठं पातेलं कवटाळलेले आजोबा, शेजारी आजी, तिच्या हातात पातेल्यातलं पाणी तापवायची विजेची कॉइल.

"शेगडीच बरी होती, व्हर्ना."

"परवा गॅरेजभर गॅस पसरला होता, एल्मर! आणि तू मधोमध, शिट्टी वाजवत माल्टचे दाणे दळत होतास."

"त्या तापाच्या आजारापासून मला वासच येत नाही, तर कळणार कसं?"

"म्हणूनच ही कॉइल."

"पण बियरमधल्या हॉप्सच्या फुलांचाही वास येत नाही. प्यायलो तरी नुसतं कडू पाणी."

"माहितीये."

"आणि तुला तर बियरने मळमळतं."

"अजूनही."

"मग ठेवू का पातेलं परत? बनवायची कुणासाठी?"

"गप उभा राहा. तापापासून तू फक्त माल्ट दळतानाच शिट्टी वाजवतोस."